बाईंची झुकती तबकडी

दोन हजार बावीस साल. मी सदुसष्ट वर्षांचा. गुडघे शाबूत, दात निम्मे, कान हवं तेवढंच ऐकणारे. शाळा चौथीपर्यंत, पुढे जन्मभर आंबिवलीच्या कारखान्यात लोखंड ठोकलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या वयात मी एका बाईकडून प्लास्टिकची तबकडी फेकायला शिकलो. आमच्या चाळीत त्यावर अजून हसतात. हसू दे. त्यांच्यातल्या एकाला तरी ती झाडाला वळसा घालून नेता येते का, विचारा.

बाईंचं नाव लिहीत नाही. त्यांना सगळे बाईच म्हणायचे, त्यांची सख्खी बहीणसुद्धा. कल्याणच्या शाळेत त्या पीटीच्या बाई होत्या. रिटायर होऊन ठाकुर्लीला राहायला आलेल्या, एकट्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. मंगळसूत्र नाही, शिट्टी. कोणी त्याबद्दल विचारायला तोंड उघडलंच तर त्या शिट्टी वाजवायच्या.

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते मैदानातून जाताना. जुन्या क्वार्टर्सच्या मागे ते मैदान आहे. मी रोजच्या पायवाटेने चाललेलो. समोरून आवाज आला, "बाजूला व्हा!"

मी म्हटलं, "का म्हणून? दहा वर्षं इथूनच चालतोय."

"मग अकराव्या वर्षी डोकं फुटेल," असं म्हणून त्यांनी हातातलं ताट फेकलं. मला ताटच वाटलं ते. सरळ माझ्या तोंडावर येत होतं. मी हललो नाही. हलणं माझ्या स्वभावात नाही. आणि ते ताट माझ्यापासून पाचेक हातांवर आल्यावर, कोणीतरी कान धरून ओढावं तसं, बाईंच्या उजव्या हाताकडे झुकलं, झाडामागे गेलं आणि तिकडून साखळ्यांचा खळ्ळकन आवाज आला.

"तुम्ही मूर्ख आहात," बाई म्हणाल्या. "पण घाबरट नाही. उद्या सहाला या."

मी गेलो. का गेलो ते विचारू नका.

या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. परदेशातून आलेल्या भाच्याने बाईंकडे तबकड्यांनी भरलेली पिशवी ठेवली आणि तो परत गेला. पिशवी राहिली. खांब रोवायचा, त्याला साखळ्या लटकवायच्या, आणि लांबून तबकडी फेकत फेकत त्या साखळ्यांत घालायची, एवढाच खेळ. बाईंनी सायकलच्या रिंगांचे असले नऊ खांब मैदानभर उभे केले होते. येणारे आम्ही सगळे म्हातारे. माझ्याशिवाय त्यातला बोलका म्हणजे नाना, आंबिवलीकडचा आगरी माणूस, जन्मभर वीटभट्टी चालवलेला. तो तबकडी हातात घेऊन म्हणायचा, "बाई, हिच्यान भाकर ठेवली तर काय होईल?" बाई म्हणायच्या, "भाकर डावीकडे पडेल. पुढे या."

नवीन माणूस आला की बाई त्याला तबकडी द्यायच्या नाहीत. आधी नळाखाली भिजवलेला टॉवेल द्यायच्या. "पिळा." माणूस पिळायचा, त्या मनगटाकडे बघायच्या, आणि मगच पिशवीत हात घालायच्या. मला दिला तेव्हा मी असा पिळला की टॉवेल मधोमध फाटला. मला वाटलं आता बाई गार पडतील.

"जोर आहे," त्या म्हणाल्या. "वेग नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे घण मारायला ठीक. ही घ्या, झुकती."

पिशवीत तीन जातीच्या तबकड्या होत्या: लांबच्या, मधल्या, जवळच्या. मधल्यांना फेअरवे ड्रायव्हर म्हणतात, खरा खेळ त्यांच्यावरच. त्यातही काही ताठ, काही झुकत्या. ताठ तबकडी उजव्या हाताने फेकली की थोडं सरळ जाते आणि वेग संपला की डावीकडे कोसळते. हात सणसणीत असेल तरच ती लांब जाते. झुकती आधी उजवीकडे कलते, मग शेवटी सरळ होते. कमी वेगाच्या हातालाही ती साथ देते. इंग्रजीत तिला अंडरस्टेबल म्हणतात. बाई सांगायच्या ते सोपं होतं: "ताठ तबकडी तुमच्याकडून मेहनत मागते. झुकती फक्त सपाट हात मागते."

मी लाल ताठ उचलली. झुकत्या बायकांनी आणि आजाऱ्यांनी टाकाव्यात, असं मी तिथे सगळ्यांसमोर म्हटलंसुद्धा. बाई रागावल्या नाहीत. "टाका," म्हणाल्या. मी टाकली. डावीकडे गेली. पुन्हा टाकली, पुन्हा डावीकडे. पावसाळा गेला, दिवाळी आली, माझी लाल डावीकडेच जात राहिली. प्रत्येक वेळी बाई एकच वाक्य बोलायच्या: "गेली ना? मग आणा." आपली तबकडी आपणच आणायची, हा नियम. नऊवारीतल्या ऐंशीच्या आजींनाही त्यातून सूट नव्हती.

शाबासकी त्या द्यायच्या नाहीत. फारच चांगली पडली तर शिट्टी, एकदा. वाईट पडली तर चूप. आणि तबकडीवर छापलेले आकडे कोणाला बघू द्यायच्या नाहीत. ती किती वळते, किती तरंगते ते कंपनीवाले आकड्यांत छापतात. बाईंनी प्रत्येक आकड्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी लावलेली. "आकडे नव्या तबकडीचे असतात," त्या म्हणायच्या. "झाडावर, दगडावर आपटून कडा झिजली की ती बदलते. दरवर्षी जास्त झुकते. जन्माचा दाखला बघून कोणी माणूस निवडतं का?" मग निवडायची कशी? दोन्ही हातांत धरून वाकवायची. अंगठा कडेच्या आतून फिरवायचा, खाच कुठे लागते बघायची. सपाट दगडावर ठेवून पोट वर आलंय का ते डोळा बारीक करून पाहायचं. त्या हे इतकं मन लावून करायच्या की माझ्या नातीच्या बारशाला आमच्याकडे आल्या तेव्हा जेवणाचं स्टीलचं ताट उचलून त्यांनी तसाच अंगठा फिरवला. वाढणाऱ्या माझ्या सुनेला म्हणाल्या, "हे पहिल्यापासून डावीकडे जाईल." सून अजून विचारते, त्या बाई ताटाला काय म्हणाल्या होत्या.

आणि उदबत्ती. फेकायच्या जागी बाई जमिनीत उदबत्ती खोचून पेटवायच्या. वाऱ्याची दिशा बघायला. समोरून वारा आला तर झुकती जास्त झुकते, मागून आला तर झुकायचं विसरते. पण रस्त्याने जाणाऱ्यांना हे काय माहीत? दोन-तीन बायका रोज त्या जागेला नमस्कार करून जायला लागल्या. एकीने फुलं वाहिली. बाईंनी फुलं उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "वाऱ्याला चालतात, पण तबकडीला अडवतात."

आता सहाव्या खांबाची गोष्ट.

सहावा खांब सगळ्यात अवघड. समोर विलायती चिंचेचं जुनं झाड, खांब त्याच्या मागे उजव्या अंगाला. उजवीकडे नाला. डावीकडे नव्या टॉवरची भिंत, आणि भिंतीपलीकडे त्यांच्या पोरांचे झोके, घसरगुंडी. म्हणजे तबकडी उजवीकडे वळली तर खांबाकडे, डावीकडे गेली तर पोरांत.

माझी डावीकडे गेली.

दिवाळीनंतरचा एक गुरुवार. लाल तबकडी भिंतीवरून पलीकडे गेली, आणि पलीकडून एका बाईची किंकाळी आली. आम्ही गेटकडे धावलो. झोक्यावर चार-पाच वर्षांची एक मुलगी बसलेली, आणि तबकडी तिच्या पायांशी वाळूत रुतलेली. लागलं नव्हतं. मुलगी रडतही नव्हती, नुसती बघत होती. किंकाळी तिच्या आजीची होती. मी म्हटलं, "लागलं नाही ना?" आजीने पोरीला उचलून कडेवर घेतलं. नाना माझ्या कानाशी म्हणाला, "आरं, पोरीचा डोका फुटला असता."

संध्याकाळी टॉवरचे सेक्रेटरी आले. चाळिशीतला, शांत बोलणारा माणूस. असली शांत बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. जागा कोणाची यावर कोर्टात वाद चाललेला, पण मैदानाच्या गेटची चावी टॉवरकडेच होती.

"मॅडम, मलाही वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण सगळे खांब काढा. नाहीतर सोमवारपासून गेट बंद."

बाई म्हणाल्या, "सगळे का? चूक तबकडी निवडण्याची आहे. योग्य तबकडी असेल तर चुकीचा माणूससुद्धा भिंतीपलीकडे टाकू शकत नाही."

चुकीचा माणूस म्हणजे मी. मी उभाच होतो तिथे.

"दाखवा मग," सेक्रेटरी म्हणाले. "पुढच्या रविवारी. आज ज्यांनी टाकली तेच टाकतील. एकदाच. झोके मी रिकामे ठेवतो. भिंतीपलीकडे गेली नाही तर मी गेटला हात लावणार नाही. गेली तर..."

"गेली तर खांब मी स्वतः उपटीन," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर बाई बाकावर बसल्या. त्यांना बसलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. नानाने विचारलं, "बाई, मैदान गेला तर मग?"

"नौपाड्याला बहिणीकडे जाईन. ती कधीची बोलावतेय. इथे मग माझं काय काम?" एवढं बोलून त्या उठल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, उद्या सहाला. लाल घरी ठेवून या."

तो आठवडा मला आठवला की अजून हाताला घाम येतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपासून लांब, पण तोंड सहाव्या खांबाच्याच दिशेने करून, बाईंनी मला एक निळी झुकती टाकायला लावली. ती त्यांच्या झुकत्यांतली शहाणी, असं म्हणायच्या. समोरून खाडीकडचा वारा. पहिल्या दिवशी मी तिला माझ्या पद्धतीने हाणली. ती हवेत उभी फिरली, उलटी झाली आणि चाकासारखी गडगडत नाल्यात.

"राग तिला कळतो," बाई म्हणाल्या. "आणा."

नाल्यात उतरून मी ती आणली. गुडघ्यापर्यंत चिखल. पुन्हा नाल्यात. पुन्हा आणली. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बाई, दुसरा माणूस घ्या. नानाला सांगा."

"सेक्रेटरींनी नाना मागितलेत का?"

"मला नाही जमत हे असं हळू हळू."

"हळू कोण म्हणतंय? हात सपाट ठेवा आणि उघडा. पत्ते वाटता ना चाळीत? तसे. बाकी ती करेल. तुम्ही मध्ये पडू नका."

घरी बायको म्हणाली, "म्हातारपणी ताटल्या फेकताय, आता त्यात मैदान पणाला लावलंत?" मी म्हटलं, "मी नाही लावलं. बाईंनी लावलं." ती म्हणाली, "तुमच्यावर? त्या बाईंना दुसरं कोणी मिळालं नाही?" मी न जेवता झोपलो.

शुक्रवारी ती निळी पहिल्यांदा वळली. मी हात सपाट उघडला, आणि ती गेली, गेली, उजवीकडे कलली आणि ठरवलेल्या दगडापाशी अलगद बसली. बाईंनी शिट्टी वाजवली नाही. "पुन्हा," म्हणाल्या. शनिवारी दहात आठ तशा पडायला लागल्या. मी मनात म्हटलं, झालं. निळी आणि मी, आता कोण अडवतो.

रविवारी सकाळी सात वाजता सगळे जमले. आमची मंडळी एका बाजूला. भिंतीपलीकडे टॉवरची माणसं, काही बाल्कनीत चहाचे कप घेऊन. झोके रिकामे. सेक्रेटरी भिंतीच्या टोकाशी उभे, तबकडी पलीकडे गेली की नाही ते बघायला. मी निळी घेऊन जागेवर गेलो. बाईंनी उदबत्ती खोचली आणि पेटवली.

धूर झाडाकडे गेला.

मला आधी कळलं नाही. रोज धूर आमच्या तोंडावर यायचा. आज तो आमच्यापासून लांब, झाडाकडे, भिंतीकडे वाहत होता. वारा मागून होता.

बाई त्या धुराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्या हातातली निळी काढून घेतली.

"ही आज वळणार नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"आठवडाभर हीच टाकतोय मी!"

"समोरच्या वाऱ्यात टाकलीत. मागच्या वाऱ्यात ही सरळ जाईल आणि शेवटी डावीकडे पडेल."

डावीकडे भिंत होती.

बाई गुडघ्यावर बसल्या, पिशवीच्या तळाशी हात घातला आणि एक पिवळट, कडा कुरतडल्यासारखी झालेली तबकडी काढली. ती आम्हाला सगळ्यांना माहीत होती. तिला आम्ही येडी म्हणायचो. इतकी झिजलेली की रोजच्या वाऱ्यात टाकली की दहा पावलांत उलटी होऊन पडायची. तिला बाई कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. का ठेवली होती तेही कधी सांगितलं नाही.

"ही टाका. या वाऱ्यात वळली तर हीच वळेल."

"मी ही कधी टाकलेली नाही."

"मला माहीत आहे."

"बाई, तुम्हीच टाका ना."

"मी टाकून काय सिद्ध होईल?"

नाना पुटपुटला, "बाई, येडीवर मैदान लावताय?" बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी तबकडी वाकवली. ती ओल्या पापडासारखी मऊ. अंगठा कडेच्या आतून फिरवला, ठिकठिकाणी खाचा. पलीकडून सेक्रेटरींचा आवाज आला, "मॅडम, सुरू करायचं?"

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो. निळी मला ओळखत होती. ही नव्हती. निळीने भिंत ओलांडली तर म्हणता आलं असतं, वारा फिरला. हिने ओलांडली तर सगळे म्हणणार, म्हाताऱ्याला नाहीच जमलं. जन्मभर मी माझ्या हाताने, माझ्या हत्याराने काम केलं. दुसऱ्याने निवडलेलं हत्यार मी फोरमनकडूनसुद्धा घेतलं नाही. मी बाईंकडे पाहिलं. शिट्टी मुठीत घट्ट धरलेली, बोटं पांढरी पडलेली. तेव्हा मला कळलं, या बाईंनाही खात्री नाहीये.

मी हात उघडला.

येडी गेली. सपाट गेली, पण वळली नाही. वारा तिच्या पाठीत बसून तिला नेत होता. झाडाच्या डाव्या अंगाला, भिंतीच्या दिशेने. भिंतीच्या सावलीत शिरली. बाल्कनीतला एक माणूस "गेली!" असं ओरडला. सेक्रेटरींचा हात वर गेला. नानाने डोळे मिटले, हे त्याने मला नंतर सांगितलं. मी मिटले नाहीत. आणि भिंतीच्या अगदी तोंडाशी ती उजवीकडे कलली. घाई नाही, काही नाही. माणूस विचार करून वळतो तशी वळली, झाडाला मागून वळसा घातला आणि दिसेनाशी झाली. साखळ्या वाजल्या नाहीत. खांबापासून बरीच अलीकडे गवतात पडली होती. पण भिंतीच्या या बाजूला.

शिट्टी वाजली.

सेक्रेटरी चालत आले. "ठीक आहे, मॅडम. ठरलं ते ठरलं. गेट उघडं राहील."

आमच्यातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नऊवारीतल्या आजींनी तर माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आता बाई काहीतरी बोलतील. बोलल्या.

"सेक्रेटरीसाहेब, आभारी आहे. सहावा खांब मी काढते. बाकीचे आठ राहतील."

मी पुढे झालो. "का? जिंकलो ना आपण?"

"जिंकलात."

"मग?"

"मिस्त्री, येडी माझ्याकडे एकच आहे. आज वारा असा होता, उद्या तसा असेल. उद्या कोणीतरी नवा येईल, मी बघत नसेन, तो पिशवीतली वरची उचलेल आणि फेकेल." त्यांनी भिंतीपलीकडे हात केला. "तिकडे पोरं आहेत."

"हे आधी माहीत नव्हतं तुम्हाला?"

"होतं."

"मग हे सगळं नाटक कशाला? माझा आठवडा, माझा नाला?"

बाईंनी पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाल्या, "भीतीने काढला असता तर आठही गेले असते. आता तो मी माझ्या मनाने काढतेय, टॉवरवाले काढायला लावत नाहीयेत." आणि पिशवी खांद्याला लावून झाडामागे निघाल्या. पहिल्यांदाच, मी टाकलेली तबकडी त्या स्वतः आणायला गेल्या.

मी तिथे थांबलो नाही. नाना मागून हाका मारत होता. मला संताप आलेला. सहाव्या खांबाला मी इतक्या महिन्यांत एकदाही सरळ मार्गाने पोचलो नव्हतो. आज पहिल्यांदा पोचायची वेळ आलेली, आणि बाई तोच उपटतायत. घरी येऊन चपला भिरकावल्या. बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं ती माझ्या बाजूने बोलेल. ती भाजी निवडत होती.

"त्या पोरीची आजी काल मंडईत भेटली," ती म्हणाली. "म्हणत होती, तेव्हापासून पोरगी झोक्यावर बसायचं नावच काढत नाही. लांबूनच बघते."

दुपारभर पंख्याकडे बघत पडून राहिलो. बाईंना बोललो ते चूक नव्हतं, असं मला आजही वाटतं. मी जिंकलो होतो, आणि जिंकलेलं कोणी सोडत नाही.

पुढच्या वर्षी बाईंचा गुडघा गेला आणि शेवटी त्या नौपाड्याला बहिणीकडे गेल्याच. आठ खांब अजून आहेत. पण त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, मी बाईंच्या आधी उठलो. शेजारच्या गवंड्याकडून पहार मागून घेतली, अंधारातच मैदानात गेलो आणि सहाव्या खांबाच्या बुडातलं काँक्रीट फोडायला लागलो.